बदल नाही

"बंद करून चालू करा, वहिनी," तो म्हणाला आणि फोन कान नि खांद्याच्या मध्ये दाबून, आवक-जावकच्या बाईंच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत राहिला.

"बंद करू? नक्की?"

"हो हो. पुढचं मोठं बटण दाबून धरा, दहापर्यंत मोजा, सोडा. मग परत दाबा."

"अहो पण भावजी, ह्यांनी ते..."

"काही होत नाही. मी आहे ना फोनवर."

पलीकडे वहिनी मोठ्याने मोजू लागल्या, शाळेतल्या मुलीसारखा एकेक आकडा नीट उच्चारून. इकडे कागद निम्मा बाहेर आला आणि फाटला. आवक-जावकच्या बाईंनी "गेला का?" अशा नजरेने पाहिलं. त्याने मानेनेच "येतोय" म्हणून सांगितलं.

"झालं चालू?" त्याने फोनमध्ये विचारलं.

"चालू झालं." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पण सगळं गेलं हो, भावजी."

"काय गेलं?"

"ह्यांनी उघडून ठेवलेलं. कोरं झालंय सगळं. आणि बाण तो अजूनही हलत नाहीच."

तेव्हा कुठे त्याचा हात थांबला. दादाला जाऊन तीन आठवडे झाले होते. दादाच्या खोलीतला कॉम्प्युटर त्या दिवसापासून तसाच चालू आहे, वहिनी कोणाला बंद करू देत नाहीत, हे पुतणीने त्याला मागेच सांगितलं होतं. त्याने ते या कानाने ऐकलं होतं आणि त्या कानाने सोडून दिलं होतं. आणि आता स्वतःच्या तोंडाने त्याने तो बंद करायला लावला होता.

या सात मजली कचेरीत त्याला नावाने कोणी ओळखत नसे. दोनशे चाळीस कॉम्प्युटर आणि ते राखणारा हा एकटा. कोणत्याही मजल्यावरून कोणाचाही फोन आला, की तक्रार पुरती ऐकायच्या आत त्याच्या तोंडून निघायचं, "बंद करून चालू करा." दहातल्या आठ वेळा तेवढ्यानेच काम व्हायचं, म्हणून लोकांनी त्याचं नावच बंदचालू ठेवलं होतं. बंदचालू साहेब आले, बंदचालू साहेब जेवायला गेले. तोही हसायचा. बावीस वर्षांत एवढं तरी नाव कमावलं, म्हणायचा.

त्याची दुसरी खोड फार कोणाला ठाऊक नव्हती. नवीन कॉम्प्युटर हाताखाली आला, की तो आधी सेटिंगमध्ये जाऊन एक टिक काढून टाकायचा. 'पुन्हा सुरू केल्यावर आधी उघडे असलेले प्रोग्रॅम उघडा' या ओळीपुढची टिक. ती राहिली, की मशीन सकाळी उठताना कालचं सगळं ओझं डोक्यावर घेऊन उठतं आणि मग रखडतं. रखडलं, की याला फोन. टिक काढली, की कोरी पाटी. कालचं काल गेलं. लोकांची थोडी कुरकुर व्हायची, पण मशीन चपळ चालायचं. दोनशे चाळीस मशीनवर त्याने ती टिक काढली होती. आणि एका दोनशे एक्केचाळिसाव्यावर, दादाच्या.

फाटलेला कागद बाईंच्या टेबलावर ठेवून त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस पकडली. दादाचं घर कचेरीपासून पाऊण तासावर. या पाऊण तासाला त्याला सहा वर्षं लागली होती. म्हणजे भेटीच झाल्या नव्हत्या असं नाही. कधी कोणाच्या लग्नकार्यात, कधी दवाखान्यात दोघे भाऊ समोरासमोर यायचे, 'काय, कसं काय' व्हायचं. तीन आठवड्यांपूर्वी तो निरोपालाही आला होता, बाहेरच्या खोलीत माणसांत उभा राहिला होता, खाली मान घालून परत गेला होता. पण दादाच्या खोलीत, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला असा तो आला नव्हता. दादा मात्र फोन करायचा. "कॉम्प्युटर पुन्हा अडला रे धाकट्या. येऊन जातोस का?" आणि हा म्हणायचा, "बंद करून चालू कर, दादा." दुसऱ्या दिवशी दादाचा फोन यायचा नाही, म्हणजे काम झालं, असं तो धरून चालायचा.

दार वहिनींनी उघडलं. "आलात? मी म्हटलं, उगाच कामातून उठवलं तुम्हाला," म्हणाल्या आणि त्याला सरळ आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

खोली लहानशी. खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी दोन खुर्च्या. एकीवरची गादी बसून बसून दबलेली, दुसरीची अजून फुगीर. भिंतीवर जुन्या पंपघराचा फोटो. दादाने चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली होती. पडद्यावर निळा रंग आणि कोपऱ्यात चार चित्रं, बस. दुकानातून आत्ताच आणल्यासारखा तो पडदा स्वच्छ होता.

"मी रोज सकाळी चहा घेऊन इथे बसायची," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी ठेवलंय तसं दिसायचं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ह्यांचं चाललेलं काम समोर असायचं. आज पुसताना बाण हलेना. म्हटलं, बिघडतंय की काय, म्हणून तुम्हाला विचारलं."

तो वाकला. माऊसची वायर मागून निम्मी निसटली होती. पुसताना फडक्याने ओढली गेली असणार. त्याने बोटाने ती आत ढकलली. पडद्यावरचा बाण सुरळीत फिरू लागला.

बंद करायची काहीच गरज नव्हती. एक प्रश्न विचारायचा होता, 'वायर नीट आहे का बघा.' बावीस वर्षांचा अनुभवी माणूस, आणि एवढं विचारायला त्याला सवड झाली नव्हती. लोकांच्या दोनशे चाळीस मशीनचा वैद्य आणि घरच्या एकापुढे दिव्याखाली अंधार! त्याला स्वतःची लाज वाटली. पण ते वहिनींना सांगायला जीभ उचलेना.

"येईल ना परत?" वहिनींनी विचारलं. "तुम्हाला येत असेल काहीतरी. मोठमोठ्या कचेऱ्यांचं आणता तुम्ही परत."

"बघतो," तो म्हणाला.

काय बघणार होता? सेटिंग उघडायच्या आधीच त्याला ठाऊक होतं. तरी त्याने उघडलं. ती ओळ तिथे होती आणि तिच्यापुढचा चौकोन रिकामा होता. सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी याच टेबलाशी बसून त्याने तो रिकामा केला होता. दादा शेजारी बसून प्रत्येक गोष्ट विचारत होता, हे कशाला, ते कशाला. याला कंटाळा आला होता. "हे असंच ठेवायचं, दादा. याला हात लावायचा नाही. लावलास तर मशीन बसेल, मग मला सांगू नकोस," असं तो म्हणाला होता. दादाने मान हलवली होती. मग दादा म्हणाला, "एक डाव टाकू?" दोघांनी मशीनवर बुद्धिबळ मांडलं. लहानपणी पुठ्ठ्याच्या पटावर खेळायचे, तसं. दादाचे पांढरे, याचे काळे, कायमचे ठरलेले. डाव रंगात आला आणि कचेरीतून फोन आला, सर्व्हर बंद पडलाय. हा उठला. "पुढच्या रविवारी पुरा करू."

"वहिनी," तो म्हणाला. "नाही येणार परत."

वहिनींनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"चूक तुमची नाही. बंद केल्यावरही हे सगळं आपोआप परत उघडायला हवं होतं. ती सोय असते. ती मीच काढून टाकली होती, मागे आलो होतो तेव्हा. आणि आज बंद करायलाही मीच सांगितलं. बंद करायची गरजही नव्हती."

एवढं एका दमात बोलून तो पडद्याकडे बघत बसला. वहिनी रडतील, नाहीतर रागावतील, असं त्याला वाटलं. दोन्हीपैकी काहीही झालं असतं, तरी त्याला बरं वाटलं असतं.

"मग वहीतून लावा ना," वहिनी म्हणाल्या.

"कुठल्या वहीतून?"

"हे रोज वहीतूनच लावायचे की. मला वाटलं, तुमच्याकडे काही मोठी युक्ती असेल, म्हणून मी वही काढली नाही." त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत जाड पुठ्ठ्याच्या वह्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. अकरा.

त्याने सगळ्यात वरची उघडली. पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वेळ, काय चालू, शेरा. आणि शेवटी सहीचे दोन रकाने, 'दिलं' आणि 'घेतलं'. असली वही त्याने लहानपणी पंपघरात दादाचा डबा घेऊन जायचा तेव्हा पाहिली होती. पाळी बदलताना जाणारा माणूस लिहून द्यायचा: पंप दोन चालू, पंप तीन दुरुस्तीला, मोठा व्हॉल्व्ह तीन आटे उघडा. सही, 'दिलं'. येणारा माणूस वाचायचा, फिरून बघायचा आणि सही करायचा, 'घेतलं'. वही दिल्याघेतल्याशिवाय जागा सोडायची नाही, आग लागली तरी नाही, असं दादा सांगायचा.

इथे पाळी दादाचीच आणि बदलीही दादाच. संध्याकाळी मशीन बंद करायच्या आधी तो लिहायचा: 'एक. धरणाच्या पाणीपातळीचं पान, डावीकडे वर. दोन. गळक्या व्हॉल्व्हबद्दलचं पत्र, तिसरं स्मरणपत्र, मधोमध. तीन. टायपिंगचा धडा, खाली. चार. खेळ.' सही, 'दिलं'. सकाळी मशीन सुरू करून, पडदा कोरा बघून, वही उघडून एकेक खिडकी कालच्या जागी मांडायची. मांडून झाली, की सही, 'घेतलं'.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज. अर्धा तास जायचा. मी म्हणायची, अहो, ह्यापेक्षा सोपं काहीतरी असेल, भावजींना विचारा. तर म्हणायचे, धाकट्याने मुद्दाम तसं लावून दिलंय, त्याला हात लावायचा नाही. त्याला त्यातलं कळतं."

तो पानं उलटत गेला. शेऱ्याच्या रकान्यात दादाचं ते उभं, टोकदार अक्षर.

'बाण अडखळतो. धाकट्याला फोन केला. बंद करून चालू करायला सांगितलं. केलं. त्याचा खोकला अजून आहे.'

'बिघाड नाही. तरी फोन केला. धाकटा घाईत. बंद करून चालू केलं.'

'फोन लागला नाही. मनानेच बंद करून चालू केलं.'

या शेवटच्यावर त्याला हसू फुटलं आणि मग नजर मधल्या ओळीवर परत गेली. "हे काय, वहिनी? 'बिघाड नाही, तरी फोन केला'?"

"बिघडायचं कुठे हो ते," वहिनी म्हणाल्या. "सहा वर्षांत दोनदा बिघडलं असेल. कंटाळा आला, की म्हणायचे, बघ, आज धाकट्याला बोलावतो. कॉम्प्युटर बिघडला सांगितलं, की येईल, त्याचं कामच आहे ते. नुसतं ये म्हटलं तर लाजेल. मग फोन ठेवून म्हणायचे, नाही येत, फोनवरच दुरुस्त केलं पठ्ठ्याने! आणि वर कौतुक!"

वहिनी हे सहज बोलल्या, दुखवायला नाही. त्यांच्या लेखी ती नवऱ्याची एक गंमत होती. पण त्याला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. दादाचं मशीन धडधाकट होतं आणि दादा सहा वर्षं त्याला बोलावत होता. आणि याने प्रत्येक वेळी दोन शब्दांत वेळ मारून नेली होती.

शेवटच्या वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या ओळीवर तो आला. वेळ सकाळची होती. 'एक, दोन, तीन, चार, कालप्रमाणे. छातीत जड वाटतं. दवाखान्यात जाऊन येतो. मशीन चालू ठेवलं आहे. संध्याकाळपर्यंत परत.' सही, 'दिलं'.

"गाडी दारात उभी होती," वहिनी म्हणाल्या. "ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, ह्यांना घाम फुटलाय, आणि हे वही लिहीत बसलेत! मी ओरडले हो त्यांच्यावर. शेवटचं बोलणं माझं ते, 'आग लागो त्या वहीला.'"

त्या तोंडाला पदर लावून जरा वेळ खिडकीकडे वळल्या. अशा वेळी काय बोलायचं ते त्याला कधीच सुचलं नव्हतं; यंत्रांशी बोलून बोलून माणसांशी बोलायची सवय गेली होती. त्याने खुर्ची पुढे ओढली. दबलेल्या गादीची नाही, फुगीर गादीची. वही डाव्या हाताला उघडी ठेवली आणि कामाला लागला.

पाणीपातळीचं पान उघडलं, डावीकडे वर सरकवलं. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. "अजून थोडं वर," म्हणाल्या. पत्र सापडलं, पहिलं, दुसरं आणि तिसरं, तिन्ही स्मरणपत्रं नीट जपून ठेवलेली होती. कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह गळतो, दर तासाला इतकं पाणी वाया जातं, कृपया लक्ष घालावे. ते मधोमध. "हां, हेच," वहिनी म्हणाल्या. टायपिंगचा धडा अकरावा. तो खाली. राहिला खेळ.

खेळ उघडला. पट मांडून तयार, सगळी मोहरी आपापल्या रांगेत. नवा डाव. त्याने वहीत पाहिलं. 'चार. खेळ. बदल नाही.' आदल्या दिवशीही 'बदल नाही.' त्याच्या आदल्या दिवशीही. ती वही ठेवून त्याने त्याखालची काढली, मग त्याखालची. बदल नाही, बदल नाही, बदल नाही. अगदी तळाच्या वहीच्या पहिल्या पानावर पट्टीने आखलेला पट होता, आठ गुणिले आठ. घराघरांत दादाच्या अक्षरात घो, ह, उं, व. खाली लिहिलं होतं, 'काळ्याची चाल. धाकटा आल्यावर.'

तो रविवारचा डाव होता. मशीन बंद केल्यावर पुसला जाणारा तो पट दादाने सहा वर्षं रोज सकाळी या पानावरून पुन्हा मांडला होता, एकेक मोहरं उचलून, आणि संध्याकाळी लिहिलं होतं, बदल नाही. त्याच पानावर पुढच्या रविवारचा शेरा होता. 'धाकटा आला नाही. बरंच झालं. त्याला उंट दिसला तर माझा वजीर गेलाच.'

त्याने पट मांडायला घेतला. मांडताना दोनदा चुकला. डोळे भरून आल्यावर काळं घर आणि पांढरं घर सारखंच दिसतं. वहिनींनी त्याला घाई केली नाही. सगळी मोहरी जागेवर बसली, तेव्हा बाहेरचं ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं.

"हेच," वहिनी म्हणाल्या. "अस्सं होतं." आणि पेन पुढे करत म्हणाल्या, "आता तिथे सही करायची. सहीशिवाय ह्यांचं काम सुरू व्हायचं नाही."

दादाच्या शेवटच्या ओळीपुढे, रिकाम्या रकान्यात, त्याने सही केली. घेतलं.

मग त्याने सेटिंग उघडून त्या ओळीपुढच्या चौकोनात टिक केली.

"हे काय केलंत?"

"आता बंद केलं तरी या खिडक्या आपोआप उघडतील. वहीतून लावायला नको."

वहिनी त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"रोजचा अर्धा तास," वहिनी म्हणाल्या. त्यांनी हिशेब पुढे नेला नाही. तो त्याने मनातल्या मनात केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

"डाव मात्र वहीतूनच लावावा लागेल," थोड्या वेळाने तो म्हणाला. "खेळ उघडेल, पण पट नवा येईल. आत काय चाललं होतं, ते या टिकला ठाऊक नसतं."

"मग आता तुमची चाल ना? खेळा की. किती वर्षं वाट बघायला लावाल?"

त्याने पटाकडे पाहिलं. उंट कुठे आहे ते आधी दिसेना. मग दिसला. कोपऱ्यात, आपल्याच प्याद्याआड दबून बसलेला, आणि त्याच्यासमोर तिरकी वाट सबंध मोकळी, थेट दादाच्या वजिरापर्यंत. एक चाल आणि डाव खलास. दादाने हे सहा वर्षं रोज सकाळी पाहिलं होतं, वजीर तसाच मारात ठेवून. एक घर सरकवला असता तर कोणाला कळणार होतं? पण चाल धाकट्याची होती.

त्याने उंटाला हात लावला नाही. अगदी कडेचं एक प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं, दादाला वजीर हलवायला सवड मिळावी म्हणून. पडद्यावर अक्षरं उमटली, पांढऱ्याची चाल.

त्याने वहीत नवी ओळ आखली. तारीख, वेळ. एक, दोन, तीन, कालप्रमाणे. चार, खेळ, असं लिहून तो क्षणभर थांबला आणि मग लिहिलं, 'बदल आहे. काळ्याचं कडेचं प्यादं एक घर पुढे. पांढऱ्याची चाल.' सही केली, 'दिलं'.

पेनाला टोपण लावून तो उठला. वहिनींनी वही मिटली नाही. त्यांनी ती तशीच उघडी, कीबोर्डशेजारी सरळ करून ठेवली. 'घेतलं'चा रकाना मोकळा होता.